ऐनवेळचे विषय

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल काल हातात आली. चार पानं आहेत, झेरॉक्स जरा फिकी निघाली, पण ठराव क्रमांक 6 स्वच्छ वाचता येतो आणि त्याच्या खाली सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदक शेजारच्या काकू. घरी आल्यावर तीनदा वाचला मी तो ठराव. सासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या, "मायबाई, सारं लिवलं का त्याईनं?" सारं लिवलं. म्हणून आज लिहायला बसले, कारण हे लिहून घ्यायला आम्हाला दोन वर्षं लागली आणि ती कशी लागली हे बाकी गावच्या बायांनाही माहीत असावं असं मनापासून वाटते.

विषय आमच्या पांधणीचा. गावातून शिवारात जायचा रस्ता, दीडेक किलोमीटर, दोन्ही बाजूनं धुरे, म्हणजे वावराचे बांध, सरकत सरकत आले आणि आता मधात बैलगाडी जेमतेम जाईल एवढीच जागा राहिली. उन्हाळ्यात काही वाटत नाही. पण जून लागला की काळ्या मातीचा चिखल पायाला असा धरतो की चप्पल हातात घ्यावी लागते. निंदणाला जाणाऱ्या बाया, डवरणीचे बैल, खताच्या बॅगा सगळं त्यातूनच जाते. आणि परतीचा पाऊस लांबला तर पहिल्या वेच्याचा कापूस गाडीत येतच नाही, वावरातून डोक्यावर गाठोडं घेऊन यावं लागते, वीस-पंचवीस किलोचं, तेही चिखलात पाय रोवत रोवत. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून वेचणीला सुरुवात करायची आणि तोच कापूस घरी आणताना बाई घसरून पडली की अर्धा कापूस मातीत. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एकीचा पाय मुरगळला, महिनाभर मजुरी बुडाली तिची.

तर दोन वर्षांपूर्वी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उठून हे बोलले होते. पहिल्यांदाच बोलले, आवाज कापत होता पण पूर्ण बोलले. सरपंच म्हणाले बरोबर आहे वहिनी, नोंद घेऊ. माणसांनीही माना हलवल्या. मी खुशीत घरी आले.

आता ग्रामसभा कशी चालते ते थोडं सांगते, ज्यांनी कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी. सात दिवस आधी नोटीस लागते, पूर्वी दवंडी होती आता घंटागाडीच्या भोंग्यावर सांगतात आणि व्हॉट्सॲपवर फोटो येतो. कायद्यानं वर्षातून किमान चार सभा झाल्याच पाहिजेत. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. आमच्याकडे मतदार साडेसातशेच्या वर आहेत म्हणजे शंभर माणूस पाहिजे, आणि तेवढं जमत नाही, मग सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला कोरम लागत नाही, तीस माणसांतही होऊन जाते, आणि त्या तीस जणांत बाया चार. आम्ही वावरात असतो ना त्या वेळी.

विषयपत्रिका ठरलेली असते, त्यातले मोठे विषय असे. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, मग जमाखर्च, मग शासनाची आलेली पत्रं, मग आराखडा, रोजगार हमीची कामं, घरकुलाची यादी, करवसुली. आणि सगळ्यात शेवटी, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". गावातल्या माणसाला जे बोलायचं असते ते सगळं या शेवटच्या ओळीत. पण तिथपर्यंत पोचतं कोण? घरकुलाच्या यादीवरच दीड तास जातो, कोणाचं नाव आलं कोणाचं कटलं, आवाज चढतात, खुर्च्या सरकतात, आणि ते मिटलं की अर्धे लोक उठून चालायला लागतात. बायांना तर चुली पेटवायच्या असतात. जे उरतात ते ऐनवेळच्या विषयात बोलतात आणि ग्रामपंचायतीचा सचिव, म्हणजे ग्रामसेवक, तोवर दप्तर आवरत असतो. हा विषय पहिल्या तासात घ्यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या 26 जानेवारीला मी पुन्हा गेले. सभा सुरू व्हायच्या आधी सचिवांना म्हटलं मागचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, दाखवा. आमच्याकडे सगळे त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतात, पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं तरी. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. 15 ऑगस्टचं पान काढलं. ठराव एक, दोन, तीन, सगळं व्यवस्थित, आणि शेवटी एक ओळ होती. "ऐनवेळी कोणताही विषय आला नाही, सबब आभार मानून सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले."

मी ती ओळ दोनदा वाचली. मी बोलले होते, पन्नास माणसांपुढे बोलले होते, आणि कागदावर कोणताही विषय आला नव्हता. त्या क्षणी जे वाटलं ते सांगता येत नाही मला.

सचिवांवर एकट्यावर राग काढून उपयोग नाही हेही मला कळते. त्यांच्याकडे तीन गावांचा चार्ज आहे. सभेत ते एका कागदावर टिपण घेतात आणि प्रोसिडिंग नंतर लिहितात, चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. लोकांच्या सह्या मात्र सभेच्या दिवशीच हजेरीत घेऊन ठेवल्या असतात. म्हणजे सही आधी आणि मजकूर मागून, खरी गोम तिथं आहे. आणि "मागील इतिवृत्त वाचून कायम करणे" हा पहिला विषय असतो ना, त्यात फक्त ठरावांची नावं भराभर वाचली जातात, कोणीतरी मागून मंजूर मंजूर म्हणते आणि दोन मिनिटांत संपते. सगळ्या सभेत कंटाळवाणा वाटणारा हाच विषय, आणि आपलं बोलणं लिहिलं गेलं की नाही हे कळायची जागाही हीच. मला हे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

मी स्वतः उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटाची सचिव आहे, सहा वर्षं झाली. दर मंगळवारी बैठक, अकरा बाया, कोणी किती भरले कोणाला किती कर्ज दिलं सगळं मी लिहिते. आमच्यातल्या चौघींना वाचता येत नाही. म्हणून आमचा नियम आहे की लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं आणि मग अंगठा. पन्नास रुपयांचा हिशोब असला तरी वाचायचं. मग मनात आलं, अकरा बायांच्या गटात जे होते ते ग्रामसभेत काहून होऊ नये?

1 मेच्या सभेत मी पांधणीचा विषय परत काढला आणि म्हटलं आत्ताच लिहा. उत्तर मिळालं, ताई हा विषय मासिक सभेत घेऊ. मासिक सभा म्हणजे फक्त सदस्यांची. तिथं आम्ही बोलू शकत नाही.

मग आम्ही दुसरी वाट धरली. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. आमच्या गावात ती आदल्या दिवशी होते, म्हणजे व्हायची, पाच बाया येऊन सही करून दहा मिनिटांत घरी. आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय कायम असतो, महिला सभेच्या ठरावांचं वाचन. दरवेळी त्याच्यापुढे निरंक, म्हणजे काहीच नाही. म्हणजे ऐनवेळच्या विषयाच्या कितीतरी वर, तिसऱ्या नंबरवर, आमच्यासाठी जागा आधीपासून होती आणि आम्हीच ती रिकामी ठेवत होतो.

या 1 ऑक्टोबरला गावातल्या सगळ्या गटांना निरोप दिला. एकेचाळीस बाया आल्या. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजी पुरली नाही म्हणून अर्ध्या बाहेर ओट्यावर बसल्या. मी म्हटलं एकेकीनं सांगा पांधणीत काय त्रास होते, मी लिहिते. एक म्हातारी म्हणाली, "मी बाळंतपणाले पोरीले याच चिखलातून आनली होती वावरातून, खाटेवर." दुसरी म्हणाली, "पावसायात गाडीच जात नाई बाप्पा, डोक्शावर आनाव लागते, मान धरते." मी सगळं लिहिलं, ठराव मांडला, मोठ्यानं वाचला आणि मग सह्या-अंगठे घेतले. त्याच ठरावाची एक प्रत अर्जासोबत ग्रामपंचायतीत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका, कोणालाही कागद द्या पण पोच घ्या.

दुसऱ्या दिवशी गांधीजी आणि शास्त्रीजींच्या फोटोला हार घातला, भिंतीवर गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज आहेतच, आणि सभा सुरू झाली. तिसरा विषय आला तसा महिला सभेचा ठराव वाचला गेला. लगेच एक जण उठला, त्याचा धुरा पांधणीला लागून आहे. म्हणे पांधण इतकीच होती पहिल्यापासून, रुंद नव्हती कधी. पाच-सात मिनिटं तूतू-मीमी झाली. मग मागं बसलेले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले, नव्वदीला आले असतील, म्हणाले, "अबे, माह्या लग्नाची वरात याच पांधणीनं आली. समोरून दमणी अन बाजूनं मानसं चालत होते. आता तुह्या धुऱ्यावरून शेळी जात नाई." दमणी म्हणजे छोटी बैलगाडी. सगळे शांत. मग सासऱ्यांनी तलाठ्याकडून पाहून आणलेली गोष्ट सांगितली की गाव नकाशात आमची पांधण दुबार तुटक रेषेत दाखवली आहे. दुबार तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, ती सव्वाआठ फूट. तो भाऊ शेवटी म्हणाला, ठीक आहे, आधी मोजणी करा, मोजणीत निघालं तर मी मागं सरतो. त्याचं हे म्हणणं मला बरोबरच वाटलं आणि तेही ठरावात घ्या असं मीच म्हटलं.

ग्रामपंचायतीच्या पैशातून करा असं काही पोरं ओरडत होते. सरपंचांनी सांगितलं की पंधराव्या वित्त आयोगातला 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, उरलेल्या 40 मध्ये सारं गाव बसवावं लागत होतं. ते खोटं नव्हतं. म्हणून पांधण मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत टाकायची ठरली. ही योजना 2021 मध्ये सुरू झाली होती आणि त्यात रोजगार हमीचा आणि राज्याचा पैसा एकत्र यायचा. पण आराखड्यात नाव जायला ग्रामसभेचा ठराव लागतो. आमच्याकडे दोन वर्षं तोच तर नव्हता, आणि आम्हाला वाटत होतं विषय वर गेला आहे.

मी उठून सचिवांना म्हटलं, सर, ठराव इथंच लिहा आणि सह्या व्हायच्या आधी वाचून दाखवा. ते म्हणाले नंतर लिहितो ताई, वेळ जाईल. मी म्हटलं जाऊ द्या वेळ. बाहेर ओट्यावरच्या बायाही म्हणायला लागल्या, लिवा, आम्ही थांबतो. त्यांनी रजिस्टर उघडलं. वीस मिनिटं लागली असतील. एवढी माणसं बसलेली आणि हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज, आणि पेन चालत होतं. मधात एकदा त्यांनी विचारलं, "अतिक्रमण लिहू की अडथळा?" आणि आजोबा म्हणाले, "आधी मोजणी लिवा, मग तहसीलदार, मग बाकीचं." तसंच लिहिलं. मग त्यांनी वाचून दाखवलं, आवाज चांगला आहे त्यांचा, सूचक अनुमोदक सगळं, ठराव सर्वानुमते मंजूर. खरं सांगते, त्या दिवशी सचिवांचं तोंडही मोकळं दिसत होतं.

माझी बहीण तालुक्याच्या गावी दिली आहे. तिथं 2015 पर्यंत ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. तेव्हा आम्ही म्हटलं होतं वा, आता विकास होईल. रस्ते झालेही. पण ग्रामसभा गेली. आता तिथं 17 नगरसेवकांची सर्वसाधारण सभा होते, बोलायचं नगरसेवकांनीच, बाकीच्यांनी फार तर बसून ऐकायचं. बहिणीच्या घरापुढची नाली तुंबते, ती नगरसेवकाच्या घरी चकरा मारते नाहीतर मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देते. मी तिला ग्रामसभेचं सांगितलं तर म्हणाली, "तुह्या गावात उठून बोलता तरी येते, आमाले तेही नाई." त्या बोलण्यानं मी फार विचारात पडले. आपल्याकडे जे आहे ते शंभर माणूस जमत नाही म्हणून तहकूब होते.

आपल्याच विदर्भात गडचिरोली जिल्ह्यात मेंढा लेखा आहे. तिथं ग्रामसभेत मतं मोजत नाहीत, सगळ्यांची सहमती झाली तरच निर्णय, एकानं नाही म्हटलं तर चर्चा पुढे चालू. त्याच गावानं 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः द्यायला लागलं. ग्रामसभा नेटानं चालवली तर काय होते ते त्यांनी दाखवलं. आमच्या गावाला तिथवर जायला वेळ आहे, पण त्या दिवशी आजोबांनी आणि त्या धुरेवाल्या भावानं एकाच ठरावाला हात वर केला, ते मी डोळ्यानं पाहिलं.

मोजणीचा अर्ज गेला आहे, तारीख अजून आली नाही. कापूस फुटून राहिला, यंदाचा पहिला वेचा डोक्यावरच येणार. 26 जानेवारीच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच असेल, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ही झेरॉक्स मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गटाच्या रजिस्टरमध्ये ठेवली आहे. ते वाचतील तेव्हा मी समोर बसणार आणि ओळीवर बोट ठेवून ऐकणार.