थोरात सायबांची काठी आणि माझे हेलपाटे

आमच्या घरात एक छडी आहे. हातभर लांब, वेताची, टोकाला काळवंडलेली चांदीची टोपी आणि टोपीवर वल्ह्यांचं, शिडाचं जहाज. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या आमच्या गावात समुद्र कुणी पाहिलेला नाही, त्यामुळं लहानपणी आम्हाला वाटायचं, आज्जा नेव्हीत होता. आज्जीनं त्या छडीनं कितीतरी वर्षं कोंबड्या हाकलल्या. नाव मात्र ठरलेलं: थोरात सायबांची काठी.

थोरात म्हणजे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. 1953 साली कोरियात लढाई थांबली, तेव्हा मायदेशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांना सांभाळायला भारतानं फौज पाठवली. तिचे प्रमुख थोरात, त्या वेळी मेजर जनरल. कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून नेलं, तेव्हा ते स्वतः तारांच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. आज्जा त्या फौजेत ड्रायव्हर होता आणि परतताना सायबांनी ही छडी दिली, असं घरात सांगतात.

दोन वर्षांमागं धाकट्या भावानं छडीचा फोटो एका जुन्या वस्तू घेणाऱ्याला पाठवला. त्याचा एकच प्रश्न, ‘‘जनरलची असल्याचा कागद हाय काय?’’ विकायची नव्हतीच, पण तो प्रश्न मला चावत राहिला.

पहिली चूक माझी. बेळगावकडचा फौजी म्हणजे मराठा, हे आमच्या डोक्यात पक्कं, म्हणून थेट कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीकडं गेलो. तिथल्या हवालदारानं डिस्चार्ज बुकाची वाळवीनं चाळण केलेली पानं उलटली आणि म्हणाला, ‘‘काका, हे आमचं नव्हं. हे सप्लाय कोरचं. रेकॉर्ड बेंगळुरात.’’ कोर म्हणजे फौजेतलं खातं, सप्लाय कोर हे रसद-वाहतुकीचं. आधी कोर ओळखायची, मग अर्ज करायचा, एवढं कळलं असतं तर दोन महिने वाचले असते.

बुकातल्या आर्मी नंबराचे शेवटचे दोन आकडे वाळवीनं खाल्लेले. ते सापडले आज्जीच्या फॅमिली पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, तांदळाच्या डब्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत.

मग नावाचं त्रांगडं. पलटणीत आज्ज्याचं आडनाव गावावरून लागलेलं, रेशनकार्डावर पाटील, आणि बाबांच्या कागदांवर कन्नडमधून इंग्रजीत जाताना एक अक्षर जादा. नातू असल्याचं दाखवायला वंशवृक्ष हवा, तो नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कचेरीतून. अर्ज कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकलेला, शेजारच्या पोरीनं लिहून दिला आणि वर माझी सहीसुद्धा हसत तपासली. तलाठ्यानं पंचनाम्याला दोन म्हातारे मागितले. आज्ज्याला ओळखणारे गावात तेवढेच उरले होते, हे तेव्हा लक्षात आलं. दोन नावं एकाच माणसाची, असं अॅफिडेव्हिट करून गठ्ठा रजिस्टर पोस्टानं धाडला.

मधल्या काळात सल्ले फुकट मिळत होते. एकानं भीती घातली, आत पातं असलं तर ती गुप्ती, पोलिसांना दाखवा. सोनाराकडं टोपी सैल करून पाहिली, आत नुसता वेत. दुसरा म्हणाला, पुरातत्त्व खात्यात नोंदवा. पण 1972 च्या कायद्यात अशी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात.

जहाजाचा उलगडा एका रिटायर्ड सुभेदारसाहेबांनी केला. छडी हातात घेतली आणि म्हणाले, ‘‘हे पंजाब रेजिमेंटचं गलबत.’’ समुद्रापार लढायला गेलेल्या मूळ 69व्या पंजाबींना मिळालेला हा मान, तीच पुढं दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. आणि 1945 साली ब्रह्मदेशातल्या आराकानात कंगॉच्या लढाईत त्या बटालियनचे कमांडर कोण, तर थोरात! त्या लढाईचा डीएसओ, हा ब्रिटिशांचा लष्करी सन्मान, त्यांना मिळाला. अंगावर काटा आला. सप्लाय कोरच्या ड्रायव्हरकडं पंजाबची छडी उगाच कशी येईल?

सुभेदारसाहेबांनी लगेच थंड पाणी ओतलं. ‘‘अशा छड्या त्या रेजिमेंटच्या बऱ्याच अधिकाऱ्यांकडं असणार. हिच्यावर नाव कुठाय?’’ भिंगातून पाहिलं. नाव नव्हतं.

पाचव्या महिन्यात बेंगळूरहून पाकीट आलं. एक पान. भरतीची तारीख, ट्रेड ड्रायव्हर, आणि खाली विदेश सेवा मेडल, क्लॅस्प (मेडलच्या फितीवरची पट्टी) कोरिया. छडीबद्दल अर्थातच अक्षर नाही. बाबांनी ते पान तीनदा वाचलं, मग चष्मा पुसत आत गेले.

भावाला सांगितलं, कागद आलाय, पण तो आज्ज्याचा आहे, छडीचा नाही. पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून छडीच्या खिळ्याखाली लावली आणि त्यावर मी बॉलपेननं लिहिलं: ‘घरात थोरात सायबांची म्हणतात.’ आज्जीला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘‘म्हणतात काय रे? हायच की त्यांची.’’