हिंदमाताचा प्रश्न कोणत्या रकान्यात?

बी.एड.च्या छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावकाळात, मला परळच्या एका शाळेत सातवीचा भूगोल मिळाला. घटक भरती-ओहोटी, चाचणी 25 गुणांची. सोबत संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, द्यायचा: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, कशाला किती गुण.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1956 च्या पुस्तकात मांडलेले शिकण्याच्या उद्दिष्टांचे सहा स्तर मला तोंडपाठ होते. 2001 मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी नामांच्या जागी क्रियापदं आणली, मूल्यमापनाच्याही वर नवनिर्मिती ठेवली, तेही पाठ. तरी तक्ता परत आला. ‘विद्यार्थ्याला भरती-ओहोटी समजते’ यातल्या ‘समजते’भोवती मार्गदर्शक बाईंनी लाल गोल केला होता. “समजलं, हे तुला दिसणार कुठून?” मग स्पष्टीकरणं, म्हणजे मुलाच्या दिसतील अशा कृती, लिहिल्या: कारण सांगतो, फरक स्पष्ट करतो, आकृती काढतो.

दुसऱ्यांदा अडलं ते माझ्या लाडक्या प्रश्नावर. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की परळजवळच्या सखल हिंदमाताला पाणी का तुंबतं? मी तो उपयोजनात, म्हणजे शिकलेलं नव्या ठिकाणी वापरण्यात, धरला होता.

“हे वर्गात सांगितलंस?”

सांगितलं होतं. समुद्राची पातळी चढली की नाल्यांतलं पाणी बाहेर पडत नाही, हे फळ्यावर काढूनही दाखवलं होतं.

“मग मुलं तुझंच वाक्य तुला परत देणार. हे ज्ञान.”

मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. ब्लूम स्वतः शिकागो विद्यापीठात परीक्षांचंच काम बघायचे. प्रश्नाचा वर्ग ठरवण्याआधी मुलांना आधी काय शिकवलंय ते माहीत हवं, हे 1956 च्या त्या पुस्तकातच आहे. मी फक्त स्तरांची नावं घोकली होती.

नवा प्रश्न काढायला दोन रात्री गेल्या. ‘आज पौर्णिमा, दुपारी 12 ला भरती. आठ दिवसांनी दुपारी 12 ला हाजीअलीची वाट मोकळी असेल का?’ हाजीअली दर्ग्याची ही वाट भरतीला पाण्याखाली जाते. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, एवढंच शिकवलं होतं. बऱ्याच जणांनी गुणाकार करून उत्तर काढलं. वरळी कोळीवाड्यातल्या एका मुलीने आकडाच लिहिला नव्हता. ‘असेल. अष्टमीला दुपारी सुकती असते. बाबा तिथीवरून सांगतात.’ सुकती म्हणजे ओहोटी.

पूर्ण गुण दिले आणि पेपर बाईंकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला. “इतरांसाठी उपयोजन, हिच्यासाठी ज्ञान,” म्हणाल्या. “आता हिला विचार, तिथीवरून वेळ का कळते.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला तेच विचारलं. तिने खडू घेतला आणि आधी चंद्र काढला.