आमची वाटचाल : ब्रोमेलियाड आणि त्यांची पिल्लं

आमची नर्सरी लहानशी, मी आणि ताई दोघी बघतो. आधी जे खपेल ते ठेवायचो, मग फुललेली गुझमानिया (ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातल्या झाडांचा, एक प्रकार) घाऊक आणून विकायला लागलो, लालभडक तुरा, हातोहात जायची. कटकट सुरू व्हायची काही महिन्यांनी. तुरा तपकिरी पडला, झाड वाळत चाललंय, खराब माल दिलात म्हणून गिऱ्हाईक परत हजर.

माल खराब नव्हताच. ब्रोमेलियाडचं एक झाड आयुष्यात एकदाच फुलतं. तो लाल तुरा म्हणजे रंगीत पानं, खरी फुलं बारीक असतात, मधून डोकावतात आणि थोड्या दिवसात जातात, पानांचा रंग मात्र दोन-चार महिने आरामात टिकतो. मग मूळ झाड हळूहळू वाळतं आणि तोवर बुडाशी एक-दोन पिल्लं फुटलेली असतात. लोक नेमकं तेव्हाच सगळं उपटून फेकून देतात!!

ताई म्हणाली हे विकतानाच सांगायचं. मी म्हटलं अगं, हे झाड जाणार आहे असं सांगितल्यावर कोण घेईल? पण घेतात लोक, उलट पिल्लं कधी येतील म्हणून मेसेज करतात. तिथून आमचा धंदा फुललेल्या झाडांवरून पिल्लांवर सरकला.

पिल्लू काढायचं काम ताईचं. ते आईच्या निम्म्याएवढं झालं (निदान एक तृतीयांश तरी) की ती कुंडीतून अख्खं झाड बाहेर काढते, बुडाची माती बोटाने सारते, पिल्लू जिथे आईला चिकटलंय तिथे आईच्या अगदी लगत स्वच्छ सुरी घालते. जखम एक दिवस सुकू द्यायची. मग लहान कुंडी, त्यात झाडाच्या सालीचे तुकडे, कोको चिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), नुसती बागेची माती घातली की बुडातून कुजलंच समजा. खोल पुरायचं नाही, डुगडुगत असेल तर काडीला बांधायचं. यातली बरीचशी जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतात, मुळं मुख्यतः धरून ठेवायला, पाणी पानांवरचे बारीक खवले पितात. म्हणून पाणी पानांच्या मधोमध तयार होणाऱ्या वाटीत घालायचं, ती पाव भरली की पुरे, आणि आठवड्याने झाड उलटं करून ते ओतून ताजं भरायचं, नाहीतर वास मारतं आणि डासही होतात. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम, क्षार असलेल्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग धरतात. तांबं असलेलं बुरशीनाशक अजिबात नको, झाड जातं.

उजेडाचं आम्ही सोपं करून सांगतो, पान मऊ असेल (गुझमानिया, व्रिसिया) तर खिडकीपासून जरा आत, पान कडक काटेरी असेल (एकमिया, निओरेगेलिया) तर खिडकीजवळ भरपूर उजेडात, भर दुपारचं ऊन कुणालाच नको. निओरेगेलियाला खत जास्त झालं की लाल सोडून हिरवं पडतं. आणि एकमिया फॅसिआटाच्या पानावरची चंदेरी पावडर ही धूळ नाहीये हो, पुसू नका, परत येत नाही.

पैशाच्या बाजूने बघायचं तर पिल्लू फुलायला एक ते तीन वर्षं घेतं, तेवढा काळ जागा अडते, पैसे अडकतात, हा धंदा पटकन वाढत नाही. मोठे उत्पादक इथिलिन वायूने सगळी झाडं एकदम फुलवतात, अननसाच्या शेतीतही (तोही याच कुळातला) त्यासाठी इथेफॉन (इथिलिन सोडणारं रसायन) फवारतात. आम्ही गिऱ्हाइकांना घरगुती उपाय देतो, झाड पूर्ण वाढलेलं असेल तरच हं, वाटीतलं पाणी ओतून टाका, पिकलेलं सफरचंद शेजारी ठेवून सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत आठ-दहा दिवस बंद करा, उन्हात ठेवू नका. सफरचंदातून इथिलिनच निघतो. तुरा दिसायला दीड-दोन महिने सहज जातात, कधी तीनही, त्यामुळे आठव्या दिवशी फोन करू नका!

आता फुललेली झाडं थोडीच ठेवतो, बाकी सगळे ट्रे पिल्लांचे. आमच्याकडून नेलेल्या झाडाला पिल्लू आलं तर काढून कुंडीत लावून द्यायचे पैसे घेत नाही, पण कोणी बोटभर पिल्लू घेऊन आलं तर ताई सुरीला हात लावत नाही, अजून मोठं होऊ दे म्हणून झाडासकट घरी पाठवते.