काकीच्या परड्यातला धूर आणि लेस्टरची नारिंगी पिशवी

मे महिन्यात गावी आलेय, मालवण तालुक्यात, आणि पहिल्याच संध्याकाळी पडवीत चहा घेऊन बसले तर धुराचा वास आला. पाचोळ्याच्या धुराचा वास मला आवडतो, लहानपणापासूनचा आहे तो, पण हा वेगळा होता, घशात बसणारा. मागे जाऊन बघते तर काकी परड्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या असं सगळं एकत्र करून जाळत होती. मी म्हटलं काकी अगं हा धूर किती वाईट, तर ती सरळ म्हणाली, "अगो, जाळू नको तर काय करू? गाडी हयसर येता काय?" आणि मग, "तुझ्या लंडनाक कचरो खंय टाकतत ता सांग आधी."

मी लंडनला नाही, इंग्लंडातल्याच लेस्टर शहरात राहते, सात वर्षं झाली. पण तिचा प्रश्न बरोबर होता, म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण गावातले बरेच जण विचारतात.

लेस्टर म्हणजे आपल्याला वाटतं तसं गोऱ्यांचं गाव नाही. २०२१ च्या जनगणनेत तिथे ४३ टक्के लोक आशियाई वंशाचे होते आणि ४१ टक्के गोरे, म्हणजे बहुसंख्य असं कोणीच नाही. आमच्या गल्लीत एका बाजूला युगांडाहून आलेल्या गुजराती बा, म्हणजे आजी, दुसऱ्या बाजूला सोमाली कुटुंब, समोर पोलिश. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना हाकललं तेव्हा याच लेस्टरच्या कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारखी असते तिने, युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे येऊ नका, घरं, शाळा, दवाखाने सगळं भरलंय. तरीही लोक आले, आणि आज बेलग्रेव्ह रोडवर फिरलात तर साड्यांची, सोन्याची, फरसाणाची दुकानं, दिवाळीला अख्ख्या रस्त्यावर रोषणाई, आणि ती कौन्सिलच करते. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण कौन्सिल पहिल्या दिवसापासून शहाणी होती असं काही नाही, लोकांसोबत राहून शिकलीय.

आता कचरा. घरी एक काळा मोठा चाकांचा डबा असतो आणि नारिंगी पिशव्यांचा रोल असतो, तो रोल कौन्सिल देते, विकत घ्यायचा नाही. बाटल्या, डबे, कागद, काच नारिंगी पिशवीत, बाकीचं डब्यात, ठरल्या वारी सकाळी दाराबाहेर ठेवायचं. बस एवढंच. बांना इंग्रजी जेमतेम येतं पण नारिंगी रंग कळायला इंग्रजी लागत नाही ना, आणि मला वाटतं यातच अर्धं काम होतं.

पण सगळं गोड आहे असंही नाही बरं का. आमच्या घरांच्या ओळीमागे एक अरुंद बोळ आहे, तिथे एकदा सकाळी बघितलं तर डबलबेडची गादी पडलेली, पावसात भिजून दुप्पट जड झालेली, स्प्रिंगा बाहेर आलेल्या, बाजूला रंगाचे रिकामे डबे. भाड्याची घरं जास्त, माणसं सारखी बदलतात, जाताना कोणीतरी टाकून जातं. याला तिथे फ्लाय टिपिंग म्हणतात. कौन्सिलचं ॲप आहे, मी फोटो काढला, नकाशावर जागा दाखवली, पाठवलं, आणि लगेच एक नंबर आला. त्या नंबराचं मला फार अप्रूप वाटलं, खरंच, कारण तक्रार हवेत जात नाही, कुठेतरी नोंद आहे आणि ती बंद करायला कोणालातरी काहीतरी करावंच लागणार. चारेक दिवसांत गादी उचलली. कोणी टाकलं ते सापडलं तर कायद्याने १००० पाउंडांपर्यंत जागेवर दंड करता येतो, आणि प्रकरण मोठं असेल तर कोर्टात.

दुसरी गोष्ट पानाची. आपली माणसं जिथे जातात तिथे पान जातं आणि पिचकाऱ्याही जातात. बेलग्रेव्हच्या बाजूला पाटी लागली होती, इंग्रजीत आणि गुजरातीत, की पान खाऊन थुंकणं घाणेरडं आहे, १५० पाउंड दंड होऊ शकतो. काही जणांना ती अपमानाची वाटली. मला नाही वाटली. ज्याच्यासाठी नियम आहे त्याला त्याच्या भाषेत सांगितलं, यात अपमान कसला. आणि उलटंही बघा, फटाके रात्री अकरानंतर उडवायचे नाहीत असा इंग्लंडात कायदा आहे पण दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत सवलत आहे, ती कायद्यातच लिहिलीय.

धुराचं काकीला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना, की इंग्रजसुद्धा घराघरात कोळसा जाळायचे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनला धूर आणि धुकं असं काही दाटलं की हजारो माणसं गेली, आणि मग १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. पण त्या कायद्यात नुसती बंदी नव्हती, चुली बदलायला लोकांना पैशाची मदत होती. आज घरामागे कचरा जाळून शेजाऱ्याला त्रास दिलात तर कौन्सिलचा माणूस नोटीस देऊ शकतो, पण त्याआधी गाडी दारात येते. सोय आधी, दंड मागून. आमच्याकडे गावात बोर्ड लागलाय, कचरा जाळल्यास दंड होईल, आणि गाडी मात्र मुख्य रस्त्यावरूनच वळते, वाडीत उतरतच नाही. सत्तरीची बाई पिशवी घेऊन ती घाटी चढणार कशी?

आणि कृपा करून कोणी असं म्हणू नका की ते इंग्लंड, आपल्याकडे नाही होणार. वेंगुर्ला आमच्यापासून तास-सव्वातासावर आहे. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने घरापासूनच कचरा वेगळा करून घेतला, प्लॅस्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं, आणि डंपिंग ग्राउंडचं असं केलं की लोक सहलीला जायला लागले. आमच्या सिंधुदुर्गालाच २०१६ मध्ये ग्रामीण स्वच्छतेत देशात पहिल्या रांगेत बसवलं होतं. म्हणजे माणसं तीच, समुद्र तोच. तारकर्लीला पर्यटक वाढले, पाण्याच्या बाटल्या वाढल्या, पहिल्या पावसात हे सगळं वहाळातून खाडीत आणि खाडीतून रापणीच्या जाळ्यात येतं, रापण ओढणाऱ्यांना विचारा मासळीबरोबर काय काय निवडायला लागतं.

तर परवा मी आणि चुलतभाऊ ग्रामपंचायतीत गेलो. अर्ज लिहिला, भांडण नाही केलं, फक्त एवढंच की गाडी आठवड्यातून एकदा तरी वाडीच्या तोंडापर्यंत यावी, तोपर्यंत सुकं प्लॅस्टिक आम्ही गोणीत भरून ठेवतो. खाली सतरा घरांच्या सह्या, दोन अंगठे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घेतला, तिथला माणूस जरा बघतच राहिला पण दिला त्याने.

ती प्रत काकीने कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवलीय. काल दुधाची पिशवी धुवून दोरीवर वाळत घातली होती तिने, कपड्यांच्या बाजूला, आणि मला म्हणाली, "गोणी भरत इली गो. ते इले नाय तर परत जाऊया."

शुक्रवारी जातोय.