चौदा कॉलनी

टीवायच्या प्रॅक्टिकलला ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे जिवाणूंत बाहेरचा डीएनए घालणं, असलं की मला पहिली चिंता बर्फाची. आमचं बर्फाचं मशीन वर्षभर बंद आहे, म्हणून शनिवारी सकाळी शिपाईमामांनी मासळी बाजारातून पिशवीभर बर्फ आणला. त्या वासाने मुली हैराण, ई. कोलाय या आमच्या जिवाणूंना मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं.

ग्रिफिथने १९२८ मध्ये दाखवलं ते न्यूमोकोकस जिवाणू मेलेल्या भावंडांचं जनुकद्रव्य आपणहून उचलायचे. ई. कोलायच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. आधी कॅल्शियम क्लोराइड, मग पीयूसी १९ हे २,६८६ बेस पेअरचं चिमुकलं प्लास्मिड (डीएनएचं कडं) घालून अर्धा तास बर्फात, ४५ सेकंद ४२ अंशांच्या पाण्यात, पुन्हा बर्फात. तासभर साध्या ब्रॉथमध्ये दम खाऊ द्यायचा आणि मग अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर पसरायचं; प्लास्मिड घेतलेलेच त्यावर वाढून ठिपका, म्हणजे कॉलनी, करतात.

मध्ये रविवार आला. सकाळी येऊन प्लेट फ्रिजमध्ये टाकायला हव्या होत्या. घरी पाहुणे होते, राहून गेलं.

सोमवारी डीएनए न घातलेली प्लेट कोरी, घातलेली गच्च. "मॅडम, तीनशे बारा!" आमच्याकडे आकडा कधी पंचवीसच्या वर गेला नव्हता. मीही हुरळले आणि फळ्यावर एफिशियन्सीचं गणित मांडायला घेतलं.

मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा प्लेट उजेडात धरून म्हणाला, "मॅडम, या बारक्या मोठ्यांच्या भोवतीच का आल्यात? मधली जागा तर रिकामी आहे."

खडू हातातच राहिला. सॅटेलाइट कॉलनी! दरवर्षी मीच शिकवते. प्लास्मिड घेतलेल्या जिवाणूंचं बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम बाहेर झिरपतं, आसपासचं अँपिसिलिन तुटतं आणि ज्यांनी काहीच घेतलेलं नाही असे शेजारी त्या मोकळ्या कडेला फुकटात वाढतात. दोन दिवस मिळाले तर विचारायलाच नको.

मोठ्या मोजल्या, चौदा. त्या चौदा आणि बारक्यांतल्या चौदा टूथपिकने उचलून अँपिसिलिनच्या ताज्या प्लेटवर ओढल्या. मंगळवारी मोठ्या सगळ्या उगवल्या होत्या. बारकी एकही नाही.

जर्नलात ३१२ निळ्या पेनने उतरून झालं होतं. व्हाइटनर नको, रेघ मारून शेजारी १४ लिहा, म्हटलं. त्या मुलाच्या जर्नलात रेघ मारायची वेळच आली नाही. त्याने आकड्याची जागा कोरी ठेवली होती.