क्रूझ शिपच्या गॅलीत यूएसपीएच इन्स्पेक्शन – माझा अनुभव

जहाजावर काम करतो म्हटलं की पहिला प्रश्न हाच, वादळात भीती नाही का वाटत? वादळाचं काही नाही हो, गॅलीतला म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातला माणूस घाबरतो तो यूएसपीएचला, म्हणजे युनायटेड स्टेट्स पब्लिक हेल्थला. हे म्हणजे सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं जहाजांच्या स्वच्छतेचं इन्स्पेक्शन, 1975 पासून चालू आहे, परदेशातून अमेरिकन बंदरात येणाऱ्या आणि 13 किंवा जास्त पॅसेंजर नेणाऱ्या जहाजांसाठी. न सांगता येतात, 100 पैकी मार्क देतात, 86 ला पास आणि 85 ला नापास, वर तो रिझल्ट इंटरनेटवर कुणालाही बघता येतो.

मी तेव्हा गॅली युटिलिटी होतो, म्हणजे भांडी, फरशी, कचरा, सगळ्यात खालची पोस्ट. मला वाटायचं इन्स्पेक्टर आला की चीफ शेफ बघून घेईल, आपण कोपऱ्यात भांडी घासायची. पण सीनियर पोरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तो सरळ तुझ्याकडेच येणार, कारण शेफला सगळं पाठ असतंच.

मग घोकंपट्टी. लाल बादलीत साबणाचं पाणी, ग्रे बादलीत साधं, पांढरीत सॅनिटायझर, क्रम चुकवायचा नाही आणि पांढरीतलं पाणी तपासणीची कागदी पट्टी (स्ट्रिप) बुडवून तपासायचं. थंड पदार्थ 5 अंश सेल्सिअसपर्यंतच, गरम 57 किंवा वर, मधे जास्त वेळ राहिलं की फेकायचं. डिशवॉशरमधून निघणाऱ्या ताटाचा पृष्ठभाग 71 अंशांना पोचला पाहिजे, त्यासाठी ताटासारखाच चपटा थर्मामीटर मशीनमधून पाठवतात. आणि पोट बिघडलं तर लपवायचं नाही, सरळ मेडिकलला जायचं. अन्न हाताळणारा माणूस लक्षणं थांबल्यावरही 48 तास कामावर येऊ शकत नाही, ते दिवस केबिनमध्ये नुसतं बसून काढायचे. नवीन पोरं इथेच गडबड करतात, आपल्याला आळशी म्हणतील म्हणून गप्प राहतात, आणि नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा व्हायरस, पसरायला तेवढं पुरतं.

हा आजाराचा धसका जहाजांना जुनाच आहे. 1892 मध्ये हॅम्बुर्गला कॉलऱ्याने 8,000 च्या वर माणसं गेली, तिथूनच लाखो लोक बोटीने अमेरिकेला जायचे. पुढे 1901 मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जहाज कंपनीच्या अल्बर्ट बालिनने हॅम्बुर्गच्याच फेडेल बेटावर या प्रवाशांसाठी हॉल बांधले, तिथे अंघोळ, कपड्यांचं निर्जंतुकीकरण, डॉक्टरची तपासणी झाल्यावरच बोट. त्यात कंपनीचाही स्वार्थ होता, कारण अमेरिकेने परत पाठवलेल्या माणसाचा खर्च कंपनीवरच पडायचा. गंमत म्हणजे 1891 ला हिवाळ्यात रिकामी राहणारी आपली बोट भूमध्य समुद्रात नुसत्या सहलीला पाठवणारा माणूसही हाच बालिन.

तर इन्स्पेक्शनचा दिवस. सकाळी बंदराला लागलो आणि फोनवर फोन सुरू झाले, टीम चढली म्हणून. पळापळ झाली खरी पण फायदा काही नाही, कारण ते आधी लॉग म्हणजे नोंदवह्या मागतात, टेंपरेचरचे, मेडिकलचे, पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनचे, आणि ते एका तासात तयार होत नाहीत, रोजच्या रोज लिहिलेले असतील तर असतात. मग टॉर्च घेऊन इन्स्पेक्टर बाई माझ्या सिंकपाशी आल्या. वाकून खालून बघितलं, आइस मशीनच्या आत बघितलं, फ्रिजच्या दाराच्या रबरात बोट घातलं. मग डिशवॉशर दाखवून मला म्हणाल्या, हे मशीन नीट चाललंय हे तुला कसं कळतं? मी गेज दाखवला, आकडा सांगितला, आणि आकडा कमी दिसला तर मशीन बंद करून सुपरवायझरला बोलावतो असं म्हणालो. त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. माझं अख्खं इन्स्पेक्शन एवढंच.

मार्क नव्वदीत आले. कापले ते फाटलेल्या रबरासाठी आणि एका काउंटरच्या उघड्या सांध्यासाठी, ज्यात कण अडकतात. आता प्रत्येक चुकीवर काय दुरुस्ती केली ते जहाजाने लेखी कळवायचं, ते काम ऑफिसरांचं. आमच्याकडे लंचची भांडी यायला लागली होती.