शॉवर ट्रे एका दुपारी बसला, खालचं कुलूप काही उघडेना

बाथरूमचं काम काढलंय म्हटलं की लोक टाइल्सचा रंग विचारतात. मला कुणी सल्ला मागितला, तर मी आधी विचारते: तुमच्या खालच्या फ्लॅटची किल्ली कुणाकडे आहे?

आमची पुण्यातली नव्वदच्या दशकातली इमारत, संकन स्लॅबची, म्हणजे बाथरूमखालचा स्लॅब खोलगट आणि त्यात पाइप व भराव. बाथरूमची फरशी वाजवली की पोकळ आवाज यायचा, टाइल्सच्या फटींतलं ग्राउट कधीच निघून गेलं होतं आणि पलीकडच्या खोलीतल्या कपाटाच्या पाठीला बुरशी आली होती. शिवाय सासूबाईंचे गुडघे. त्यांना उंबरठा ओलांडायला नको आणि पाय घसरायला नको, एवढ्या दोन अटी धरून मी भवानी पेठेतली दुकानं पालथी घातली.

तयार शॉवर ट्रे, म्हणजे आंघोळीच्या जागी फरशीऐवजी बसवायचं भोक असलेलं उथळ ताट, घ्यायचं ठरलं, कारण अख्खा तुकडा असला की तेवढ्या जागेत सांधेच नाहीत. ॲक्रिलिकचे ट्रे हलके आणि स्वस्त असतात, पण बरेचसे पायांवर उभे राहतात, त्यामुळे चार-सहा इंच उंच होतात. आमच्याकडे शॉवर असला तरी आंघोळ स्टुलावर बसून, बादली-तांब्यानेच होते. स्टुलाच्या चार पायांचा भार पोकळीवरच्या ॲक्रिलिकवर टाकायचा धीर मला झाला नाही. म्हणून स्टोन रेझिनचा (दगडाची भुकटी आणि रेझिन मिसळून ओतलेला) घेतला, ९०० बाय ९०० मिलिमीटर, जाडी जेमतेम ४०, वरून खरखरीत. जड असतो, दोघांना उचलावा लागतो. जुनी फरशी फोडायच्या आधीच घरी आणून ठेवला, ते बरं झालं. ट्रेचं भोक नेमकं कुठे येतं ते पाहूनच प्लंबरने नवी पाइप आणि ट्रॅप (पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग) बसवला. उलट क्रमाने गेलात तर नहाणी ट्रॅप एकीकडे आणि ट्रेचं भोक दुसरीकडे, अशी गत होते.

तोडफोड, राडारोडा, नवा कोबा, भिंतीपर्यंत चढवलेलं वॉटरप्रूफिंग, सगळं सरळ झालं. पुढचं मात्र आठवलं की अजून डोकं तापतं.

आमच्या सोसायटीचा नियम असा: अर्ज, हमीपत्र, डिपॉझिट; वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी साठवून ठेवायचं; आणि खालच्या सभासदाने ‘गळती नाही’ असं लिहून सही दिल्याशिवाय टाइल्स लावायच्या नाहीत. नियम चुकीचा नाही. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसारही (आदर्श उपविधी) घरातल्या संडास-बाथरूममुळे होणारी गळती ज्या-त्या सभासदाने स्वखर्चाने काढायची असते. अडचण एवढीच, की खालचा फ्लॅट कायम बंद. मालक बेंगळुरूला, किल्ली त्यांच्या निगडीच्या मेव्हण्यांकडे आणि मेव्हणे चारधामला.

सेक्रेटरीकाकांना म्हटलं, “काका, आता काय करू?”
“सही आणा.”
“अहो, पण घरात माणूसच नाही!”
“मग माणूस आला की आणा. आम्ही कुठे घाई केलीय?”

पाणी भरून झालं होतं. आउटलेटमध्ये पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला फडक्याचा बोळा ठोकला होता, पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ मारली होती. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या किंचित खाली. पोटात गोळा आला. मग आमच्या ह्यांनी शेजारी एक पसरट घमेलं पाण्याने भरून ठेवलं आणि त्यालाही खूण केली. दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं, म्हणजे हवेत उडालं, स्लॅबमध्ये मुरलं नाही. ही युक्ती तुम्हीही करा, फुकट आहे आणि रात्री झोप लागते. पण काका म्हणाले, “घमेल्याची सही चालत नाही.”

त्या काळात घरातल्या सगळ्यांची आंघोळ संडासाच्या चिंचोळ्या जागेत, तीही सकाळचं पाणी जायच्या आत. गवंडी वाघोलीच्या साइटवर निघून गेला. त्याला तरी दोष कसा देणार, पाण्याकडे बघत बसायची मजुरी कोण देतं? मी डक्टमधून वाकून खालच्या स्लॅबची कड पाहिली, फोटो काढले, कमिटीच्या ग्रुपवर टाकले. त्यावर कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

मेव्हणे परतले, किल्ली आली, आम्ही वरात घेऊन खाली गेलो. दार उघडलं, तर त्यांच्या बाथरूमला फॉल्स सीलिंग! स्लॅब दिसणार कुठून? आता पीओपी कापायचं, तर त्याला मालकांची परवानगी हवी. शेवटी मालकांनाच व्हिडिओ कॉल लावला. त्यांनीच सांगितलं की गीझरच्या वर एक झडप आहे. ती उघडून टॉर्च मारला. स्लॅब कोरडा ठणठणीत. मालक तिकडून म्हणाले, “मी आत्ता ई-मेल करतो.” काका म्हणाले, “प्रिंटवर सही लागेल.” तेव्हा मात्र माझा आवाज चढला. जिन्यात उभ्या असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूही माझ्या बाजूने बोलल्या आणि ई-मेल चालला.

ट्रे बसायला एक दुपार लागली. पाच भाग वाळू आणि एक भाग सिमेंटचा माल सबंध तळाखाली पसरायचा, नुसते चार कोपऱ्यांत गोळे ठेवायचे नाहीत. पोकळी राहिली की ट्रे हलतो आणि कडेचं सिलिकॉन फाटतं. आमचा गवंडी सवयीने ट्रेलाच ढाळ द्यायला लागला. ढाळ ट्रेच्या पोटात घडवलेलाच असतो, कडा चारही बाजूंनी पाणसळीत हव्यात. लेव्हल बॉटल मी स्वतः हातात धरून बसले होते. भिंतीच्या टाइल्स ट्रेच्या कडेवर उतरवायच्या, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायची आणि तिथे बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन भरायचं. गवंडी व्हाइट सिमेंट काढेल, त्याला थांबवा. सिलिकॉनवर दिवसभर पाणी पडू द्यायचं नाही. आणि हो, आउटलेट वरून उघडून केस काढता येईल असाच घ्या. ट्रेखालचा ट्रॅप नंतर हाताला लागत नाही.

सासूबाई आता स्टुलाच्या पायांना रबरी बूच लावून मजेत आंघोळ करतात. कामाच्या ताईंना एकच सांगून ठेवलंय, संडासचं ॲसिड ट्रेवर टाकायचं नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात, लगेच धुऊन टाकायचं. डिपॉझिटसाठी अर्ज दिलाय. काका म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये बघू.